फळांची गोड भजी पहिल्यांदाच करताना

फळाची फोड पिठात बुडवायची आणि तळायची, एवढीच तर कृती. तरीही पहिल्या प्रयत्नात बहुतेकांच्या हाती येतं ते वरून तेलकट, आतून गिच्च, आणि पीठ एकीकडे नि फळ दुसरीकडे असं काहीतरी. दोष बहुधा पाण्याचा असतो. केळ्यात साधारण ७५ टक्के पाणी असतं, सफरचंदात आणि अननसात ८५ टक्क्यांच्या आसपास. असं रसाळ फळ १७५ अंश सेल्सिअसच्या तेलात सोडलं की त्यातल्या पाण्याची वाफ व्हायला लागते आणि ती वाट शोधते. फळाला सपाटून पाणी सुटण्याआधी पिठाचं कवच बसलं तर भजी साधली. पुढची प्रत्येक सूचना, अगदी फोड पुसून घेण्यापर्यंत, याच एका गोष्टीसाठी आहे.

कुठलं फळ घ्यावं

नवख्याने केळ्यापासून सुरुवात करावी. त्यात पाणी तुलनेने कमी आणि शिजण्याचा प्रश्नच नाही. कवच तयार झालं की काम झालं. केळं पिकलेलं हवं पण सालीवर काळे ठिपके यायच्या आधीचं, देठाकडे अजून जरा घट्ट असलेलं. फार पिकलेलं केळं गोड लागतं खरं, पण तेलात त्याचा लगदा होतो आणि बाहेर आलेली साखर तेलात जळून सगळ्या घाण्याला कडवट वास देते.

सफरचंद आंबटगोड आणि कडक जातीचं घ्या. पिठूळ सफरचंद तळल्यावर आत भुसभुशीत होतं. साल काढायचीच, कारण पीठ गुळगुळीत सालीला धरत नाही आणि चावताना साल पट्टीसारखी ओढली जाते. मधला गाभा काढून ७ ते ८ मिलिमीटर जाडीच्या गोल चकत्या करा. १ सेंटिमीटरच्या वर गेलात तर बाहेरचं कवच करपेपर्यंत आतलं फळ कच्चंच राहील.

अननसाची चव तळणीत सगळ्यात खुलते, पण हेच फळ सगळ्यात जास्त त्रासही देतं. १ सेंटिमीटरच्या चकत्या, मधला कडक दांडा काढलेला. डब्यातला अननस वापरणार असाल तर पाक निथळायला तो चाळणीत अर्धा तास ठेवा. ताज्या अननसात प्रथिनं फोडणारं एक विकर असतं, त्यामुळे त्याच्यासाठी दुधात भिजवलेलं पीठ वापरू नका. पीठ थोडा वेळ राहिलं तरी कडवट होतं. डब्यातल्या अननसात हे विकर उष्णतेने निकामी झालेलं असतं.

आंबा घट्टसर असेल तर चालतो, पेरही चालतं. कलिंगड, संत्रं, द्राक्षं यांच्या वाटेला जाऊ नका. अख्खं द्राक्ष तर सालीच्या आत वाफ कोंडून तेलात फुटतं, आणि ते तेल अंगावर उडतं. फ्रीजरमधलं फळ बर्फासकट तेलात टाकणं त्याहून धोक्याचं.

साहित्य (चार जणांसाठी, १४ ते १८ फोडी)

४ मध्यम केळी, किंवा २ मोठी सफरचंदं, किंवा अर्धा अननस
मैदा १०० ग्रॅम (२४० मिलिलिटरच्या कपाने पाऊण कपाला किंचित जास्त)
तांदळाचं पीठ २५ ग्रॅम (अडीच टेबलस्पून)
कॉर्नफ्लोअर २५ ग्रॅम (३ टेबलस्पून). मक्याचं पिवळं पीठ नव्हे, पांढरं स्टार्च
बेकिंग पावडर १ टीस्पून, सपाट
साखर १ टेबलस्पून
मीठ पाव टीस्पून
फ्रीजमधलं गार पाणी किंवा साधा सोडा १७० मिलिलिटर
फोडींना लावायला कोरडा मैदा ३ टेबलस्पून
तळणीला बिनवासाचं रिफाइंड तेल ६०० ते ७०० मिलिलिटर

पीठ कपाने मोजलंत तर कपात दाबून भरू नका. दाबलेल्या आणि हलकेच भरलेल्या कपात २० ते ३० ग्रॅमचा फरक सहज पडतो, आणि एवढ्याने पीठ घट्ट होतं.

नुसता मैदा का नाही? पाण्यात कालवल्यावर मैद्यात ग्लुटेन तयार होतं. कवचाला फळाभोवती धरून ठेवायला ते थोडं हवंच, पण जास्त झालं की कवच वातड होतं. तांदळाच्या पिठात आणि कॉर्नफ्लोअरमध्ये ग्लुटेन नसतं, म्हणून त्यांनी खुसखुशीतपणा येतो. पाणी गार घ्यायचं तेही याच कारणाने: गारव्यात ग्लुटेन हळू तयार होतं. सोडा वॉटर घेतलंत तर त्यातल्या बुडबुड्यांनी कवच आणखी हलकं होतं. फरक जाणवण्याइतका आहे, पण त्यासाठी मुद्दाम बाजारात जायची गरज नाही.

बेकिंग पावडर संपली म्हणून तेवढाच खायचा सोडा घालू नका. पिठात आंबट काही नसताना खायचा सोडा साबणासारखी चव सोडतो आणि कवच आत शिजायच्या आधीच लालभडक करतो. बेकिंग पावडर नसेल तर सोडा वॉटरवर भागवा.

फोडी कोरड्या करणं

या पायरीला लोक सर्रास टाळतात, आणि पीठ सुटून येण्याचं पहिलं कारण हेच असतं. फोडी सुती फडक्यावर किंवा किचन टॉवेलवर एका थरात मांडा, वरून दुसरं फडकं ठेवून हलकेच टिपा. अननसाला हे दोनदा करावं लागतं, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यायची. सफरचंद काळं पडू नये म्हणून लिंबाचा रस लावला असेल तर तोही टिपून घ्या. केळी मात्र तेल तापल्यावरच कापा, म्हणजे लिंबाची भानगड नको. प्रत्येक केळ्याचे आडवे दोन तुकडे, आणि प्रत्येक तुकडा उभा चिरून दोन.

फळ आंबट आहे म्हणून आधी साखर भुरभुरवून ठेवण्याचा मोह होतो. अजिबात नको. साखर फळातलं पाणी ओढून बाहेर काढते आणि दहा मिनिटांत फोडी स्वतःच्याच रसात पोहायला लागतात. गोडवा शेवटी वरून देता येतो.

आता कोरडा मैदा ताटलीत पसरून प्रत्येक फोड त्यात दोन्ही बाजूंनी घोळवा आणि झटका. झटकल्यावर पावडर लावल्यासारखा पातळ थर राहिला पाहिजे. हा थर फळाचा उरलेला ओलावा शोषतो आणि ओल्या पिठाला धरायला खडबडीत जागा देतो. झटकला नाही तर उलट होतं, सैल मैद्यावर बसलेलं पीठ मैद्यासकट निघून येतं. फोडी घोळवून ठेवून देऊ नका. पाच मिनिटांत मैदा ओला होऊन चिकट होतो.

पीठ भिजवणं

आधी तेल तापायला ठेवा, मग पीठ भिजवा. बेकिंग पावडर पाणी लागताच कामाला लागते, त्यामुळे भिजवलेलं पीठ १५ ते २० मिनिटांत संपवलेलं बरं.

कोरडी पिठं, बेकिंग पावडर, साखर आणि मीठ एकत्र चाळा. मध्ये खळगा करून १५० मिलिलिटर पाणी एकदम ओता आणि काट्याने किंवा विस्कने १५ ते २० वेळा फिरवा. बारीक गुठळ्या राहिल्या तर राहू द्या, तेलात त्या दिसतही नाहीत. गुळगुळीत होईपर्यंत फेटत बसणारा माणूस चिवट भजी खातो.

उरलेलं २० मिलिलिटर पाणी बघून बघून घाला, कारण सगळे मैदे सारखं पाणी पीत नाहीत. चमचा पिठात बुडवून वर काढा आणि त्याच्या पाठीवरून बोट ओढा: रेघ मोकळी राहिली आणि दोन्हीकडचं पीठ लगेच ओघळून ती बुजली नाही, तर सरसरीतपणा बरोबर. याहून खात्रीची कसोटी म्हणजे एक फोड बुडवून उचलणं. जादाचं पीठ निथळल्यावर फळाचा रंग पुसटसा दिसायला हवा. फळ उघडं दिसलं तर पीठ पातळ, टेबलस्पूनभर मैदा घाला. फोड पांढऱ्या गोधडीत गुंडाळल्यासारखी दिसली तर टेबलस्पूनभर पाणी.

अंडं चालत असेल तर एका अंड्याचं पांढरं वेगळं फेटून फेस करून शेवटी हलक्या हाताने मिसळता येतं, पाणी २५ मिलिलिटर कमी करून. कवच जास्त फुलतं, पण लवकर मऊही पडतं.

तेल

कढई जड बुडाची घ्या आणि तेल अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका. ओलं फळ पडलं की फेस वर येतो, त्याला जागा हवी. तेलाची खोली किमान ५ सेंटिमीटर असावी, नाहीतर फोड बुडाला टेकते आणि तिथे करपते. चमचमीत तळणीत वापरलेलं तेल नको. कांद्या-लसणाचा वास केळ्याला चांगलाच लागतो. लोणी जळतं, तूप चालतं.

तापमान १७५ अंश, सफरचंदाला १७०, कारण त्याला आत शिजायला वेळ लागतो. तळणीचा थर्मामीटर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर पिठाचा एक थेंब सोडा. थेंब तळाला जाऊन तिथेच रेंगाळला तर तेल अजून थंड आहे, १५० च्या आसपास. बुडून दोन-तीन सेकंदांत वर आला आणि कडेने बुडबुडे सुटले तर हीच वेळ. बुडलाच नाही आणि पडता क्षणी तांबूस झाला तर तेल जास्त तापलंय. आच बंद करून दोन मिनिटं थांबा. तेलातून धूर दिसला की कसोटी घ्यायची गरजच नाही, कढई आचेवरून बाजूला.

गार पीठ आणि ओलं फळ पडलं की तापमान १० ते १५ अंशांनी सहज उतरतं. म्हणून एका घाण्यात चार, फार तर पाच फोडी. दोन घाण्यांच्या मध्ये तेलाला मिनिट-दीड मिनिट सावरायला द्या आणि तरंगणारे पिठाचे कण जाळीच्या झाऱ्याने काढून टाका, नाहीतर ते काळे होऊन पुढच्या भज्यांना चिकटतात.

एक फोड तेलात

फोड चिमट्याने किंवा काट्याने पिठात बुडवा, उचला, भांड्याच्या कडेला टेकवून दोन-तीन सेकंद निथळू द्या. तेलाच्या अगदी जवळ नेऊन, आपल्यापासून लांबच्या दिशेने, कडेवरून सरकवल्यासारखी सोडा. वरून टाकलीत तर तेल उडतं.

ती बुडते, क्षणभर थांबते आणि मोठ्या बुडबुड्यांचं कडं घेऊन वर येते. चरचर जोरात असते. पृष्ठभागावरचं पाणी वाफ होऊन निघतंय. ही वाफ बाहेर पडत असते तोवर तेलाला आत शिरायला जागा मिळत नाही. पहिली ३० ते ४० सेकंदं तिला हात लावू नका. कवच अजून ओलं आहे, झारा लागला तर तिथे चिकटून फाटतं आणि त्या भोकातून रस बाहेर येतो. दोन फोडी एकमेकींना चिकटल्या तरी आत्ता सोडवू नका, मिनिटाने आपोआप सुटतात.

साधारण एक मिनिटाने कडा फिकट पिवळ्या होतात. आता उलटा. कधीकधी एक बाजू जास्त फुगलेली असते आणि भजं हट्टाने परत त्याच अंगावर वळतं. अशा वेळी झाऱ्याने दाबून धरा. हळूहळू बुडबुडे बारीक होतात आणि आवाज उतरतो. हा आवाज ऐकायची सवय लावून घ्या, घड्याळापेक्षा तो जास्त उपयोगी पडतो. केळ्याला एकूण अडीच ते तीन मिनिटं, अननसाला तीन, सफरचंदाला साडेतीन ते चार. हवा त्या सोनेरी रंगाच्या एक छटा आधीच बाहेर काढा, कारण बाहेर आल्यावरही रंग थोडा चढतो.

बाहेर काढण्याची रीतही महत्त्वाची आहे. बरंचसं तेल भजं तेलात असताना नव्हे, तर बाहेर आल्यावर आत जातं: गार होताना आतली वाफ निवते, जागा रिकामी होते आणि पृष्ठभागावरचं तेल ओढलं जातं. म्हणून झारा कढईवर धरून चांगला झटका, आणि भजी जाळीवर किंवा चाळणीवर मोकळी ठेवा. कागदावर एकावर एक रचली तर खालची भजी वाफेने ओली होतात. आणि लगेच तोंडात टाकू नका. कवच कोमट वाटलं तरी आतलं केळं जीभ भाजण्याइतकं गरम असतं. मुलांना द्यायच्या आधी एक भजं फोडून पाहा.

पाहुण्यांसाठी करायची असतील तर दोनदा तळणं सोयीचं. आधी १७० अंशांवर दोन मिनिटं, फिकट असतानाच काढून जाळीवर ठेवा. मग वाढायच्या वेळी १८५ ते १९० अंशांवर ४५ सेकंद. मधल्या वेळात फळातलं पाणी कवचात उतरतं आणि दुसऱ्या तळणीत ते उडून जातं. एरवी रोजच्या खाण्याला एवढा व्याप कशाला?

बिघडलं तर

पीठ सुटून आलं: फोड ओली होती, किंवा कोरडा मैदा झटकला नाही, किंवा झारा लवकर लावला. या क्रमाने शोधा.

भजी तेलकट झाली. तेल थंड होतं किंवा एका घाण्यात फार भरलं. पहिला घाणा छान आणि तिसरा तेलकट असेल तर दुसरं कारण नक्की.

फळ आणि कवच यांच्या मध्ये कच्च्या पिठाचा पांढरा, चिकट थर राहिला, तर पीठ घट्ट आहे. जास्त वेळ तळून हे सुटत नाही, बाहेर करपतं तेवढं. पीठच पातळ करा.

बाहेर लाल आणि सफरचंद करकरीत: चकती जाड, तेल जास्त तापलेलं, किंवा पिठात साखर जास्त. टेबलस्पूनभराच्या वर साखर गेली की रंग वेळेआधी चढतो आणि माणूस फसतो.

पाच मिनिटांत मऊ पडली, तर आधी ती कशी ठेवली होती ते पाहा. झाकून ठेवली असतील तर कारण तेच. मोकळी ठेवूनही मऊ पडली तर तळणी अर्धा-एक मिनिटाने वाढवा. तरीही रसाळ फळाचं भजं अर्ध्या तासाच्या पुढे कुरकुरीत राहत नाही, याला इलाज नाही.

वरून काय

दालचिनीची साखर (४ टेबलस्पून साखरेला १ टीस्पून दालचिनी पूड) भजी गरम असतानाच लावायची, म्हणजे धरते. पिठीसाखरेचं उलट आहे. गरम भज्यावर ती विरघळून नाहीशी होते, म्हणून दोन-तीन मिनिटांनी, वाढताना चाळणीतून भुरभुरवा. व्हॅनिला आइस्क्रीम द्यायचं तर शेजारी द्या, वर नको.

साखरेचं काचेसारखं कवच हवं असेल तर १५० ग्रॅम साखर, ५० मिलिलिटर पाणी आणि लिंबाचे चार थेंब जड भांड्यात न ढवळता शिजवा. ढवळलं की साखर परत कणीदार होते. थेंब गार पाण्यात टाकल्यावर कडक होऊन कट्कन मोडला की पाक झाला, तापमान १५० अंशांच्या पुढे. भजी त्यात पटकन घोळवून बर्फाच्या पाण्यात दोन-तीन सेकंद बुडवा आणि तेल लावलेल्या ताटलीवर सुटी ठेवा. हा पाक कातडीला चिकटून खोल भाजतो, तेव्हा मुलं स्वयंपाकघरात असताना हा प्रयोग नको. दमट हवेत हे कवच तासाभरात चिकट होतं.

आगीबद्दल, आणि उरलेल्याबद्दल

तेलाने पेट घेतला तर आच बंद करा, कढईवर धातूचं झाकण सरकवा आणि गार होईपर्यंत उघडू नका. पाणी कधीही ओतायचं नाही. ते एका क्षणात वाफ होऊन जळतं तेल चहूकडे फेकतं. म्हणून तळायला बसतानाच कढईला बसेल असं झाकण हाताशी ठेवा. पेटलेली कढई उचलून बाहेर न्यायच्या भानगडीतही पडू नका.

उरलेली भजी ओव्हनमध्ये १९० अंशांवर ६ ते ८ मिनिटं गरम केली तर बऱ्यापैकी सावरतात, मायक्रोवेव्हमध्ये लिबलिबीत होतात. कच्ची ओली भजी एअर फ्रायरमध्ये करायला जाऊ नका. कवच बसायच्या आधीच पीठ जाळीतून खाली गळतं.

तेल पूर्ण गार झाल्यावर बारीक गाळणीतून किंवा सुती कापडातून गाळा, झाकून अंधाऱ्या जागी ठेवा आणि गोड तळणीलाच आणखी एक-दोनदा वापरा. रंग गडद झाला, फेस बसेनासा झाला किंवा नेहमीपेक्षा लवकर धूर यायला लागला की टाकून द्या. बाटलीत भरून, मोरीत ओतून नव्हे. भिजवलेलं पीठ मात्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका. शेवटच्या घाण्यानंतर उरलं असेल तर चमच्याने थेंब थेंब तेलात सोडून तळून घ्या, आइस्क्रीमवर कुरकुरीत चुरा म्हणून ते उत्तम लागतं.